धावेपासून टायरपर्यंत : डहाणू–तलासरीच्या रस्त्यावरील चाकाचा इतिहास

१) बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवतो, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. तापलेली पट्टी प्रसरण पावते, थंड होताना आकसते आणि तुंबा, आरे व बाहेरचे लाकूड यांना एकत्र आवळून धरते. टायरचे मूळ काम एवढेच होते : चाक एकसंध राखणे. धक्का गिळणे, रस्ता पकडणे, पाणी बाजूला सारणे ही कामे त्याच्याकडे फार उशिरा आली. आज डहाणू किंवा तलासरीत मोटारसायकलसाठी टायर निवडणाऱ्याला ही सारी कामे एकाच वस्तूकडून हवी असतात. ती त्या वस्तूत कशी येत गेली, त्याचा हा थ्रेड.

२) आधी प्रदेश. डहाणूच्या पश्चिमेस समुद्र आणि घोलवड–बोर्डीच्या चिकूच्या वाड्या. पूर्वेस डोंगरांकडे चढत जाणारी वारली पाड्यांची जमीन. या दोहोंमधून मुंबई–अहमदाबाद महामार्ग जातो. त्याचा जुना क्रमांक ८; २०१० च्या फेररचनेनंतर ४८. चारोटी, दापचरी, तलासरी, अच्छाड आणि पुढे गुजरात. चारोटीहून एक फाटा कासामार्गे जव्हारच्या घाटांकडे वळतो. तलासरीहून दुसरा उधव्याकडून सिल्वासाकडे. येथील दुचाकीला एकाच दिवसात काँक्रीट, डांबर, मुरूम आणि किनाऱ्याची रेती तुडवावी लागते.

३) या भूभागाचे वाहतुकीशी जुने नाते आहे, पण ते चाकाचे नव्हे, गवताचे. पेट्रोल येण्यापूर्वी शहरे जनावरांच्या पायांवर चालत. मुंबईत १८७४ ते १९०५ या काळात ट्रामही घोडेच ओढत. मुंबईच्या तबेल्यांना आणि गोठ्यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून जाई. गवत कापणारे हात बहुतांशी वारल्यांचे. गवत आणि त्याचा पैसा सावकार, जमीनदार व ठेकेदारांचा. महानगराच्या ‘इंधना’ची पहिली किंमत अशा रीतीने डहाणू–उंबरगावच्या माळावर चुकती होत होती.

४) त्याच शतकात रबराचा इतिहास सुरू झाला. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरला रबर व गंधक एकत्र तापवल्यास हा दोष जातो, असे आढळले. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. रबराचे लांब रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांस बांधले जातात, म्हणून ते ताणले तरी मूळ आकारावर येते. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. पंक्चरवाला ट्यूबवर ठिगळ तापवून चिकटवतो, तेव्हा त्याच क्रियेची छोटी आवृत्ती त्याच्या दुकानात घडत असते.

५) १० डिसेंबर १८४५. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा आणि बाहेरून चामड्याचे आवरण. लंडनमध्ये घोडागाडीला लावून तिची चाचणी झाली. गाडी हलकी ओढली जाते आणि आवाज करत नाही, हे सिद्ध झाले. तरीही शोध विस्मरणात गेला. रबर महाग होते आणि घोड्याच्या वेगाला हवेच्या चाकाची निकड नव्हती. समाजाला गरज भासेपर्यंत शोधाला वाट पाहावी लागते, याचे हे नेमके उदाहरण.

६) ती गरज सायकलने निर्माण केली. १८८७ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी लावून पाहिली. १८८८ मध्ये पेटंट घेतले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे रद्द ठरले, पण तोवर बाजार तयार झाला होता. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने टायरच्या काठात तार घालून तो रिमवर बसवण्याची रीत आणली आणि १८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी सहज उतरणारा टायर बनवला. पंक्चर काढणे हे तासांचे काम मिनिटांवर आले.

७) १८९४ मध्ये म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांची मोटारसायकल विक्रीस आली. मोठ्या संख्येने बनवलेली ही पहिली मोटारसायकल. तिला हवेचे टायर होते. येथून दुचाकीच्या टायरची वाट मोटारीच्या टायरपासून वेगळी झाली. मोटार वळणावर सपाट राहते, दुचाकी कलते. म्हणून दुचाकीच्या टायरचा आडवा छेद गोलाकार असावा लागतो. सरळ जाताना त्याचा मधला पट्टा जमिनीला टेकतो आणि वळताना कडेचा. कोणत्याही क्षणी रस्त्याशी असलेला संबंध जेमतेम दोन तळव्यांएवढा.

८) या तळव्यांएवढ्या जागेची किंमत दूरवर कोणीतरी मोजत होते. सायकल आणि मोटारीच्या मागणीने रबराचे भाव चढले, तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोत जंगली रबराची वेठ सुरू झाली. गावांवर रबराचा वाटा बसवला जाई. तो न भरल्यास माणसे ओलीस धरली जात, मारली जात, हात तोडले जात. १९०४ मध्ये रॉजर केसमेंट याचा अहवाल प्रसिद्ध झाला, ई. डी. मोरेल याने मोहीम चालवली. १९०८ मध्ये राजाचा खासगी कारभार संपुष्टात आला.

९) दरम्यान रबराचे झाड स्थलांतरित झाले होते. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांची रोपे श्रीलंका आणि मलायात पोचली. केरळात १९०२ च्या सुमारास व्यापारी लागवड सुरू झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मळ्यांतील रबराने जंगली रबराला मागे टाकले. आज भारतीय टायरमध्ये जो चीक असतो, त्याचा मोठा वाटा याच लागवडीच्या परंपरेतून येतो.

१०) सुरुवातीचे टायर काळे नव्हते. रबराचा रंग फिकट. त्यात झिंक ऑक्साइड मिसळल्याने टायर पांढुरके दिसत. विसाव्या शतकाच्या आरंभी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळल्यास रबर कित्येक पट अधिक टिकते, असे लक्षात आले. काळा रंग हा सौंदर्याचा निर्णय नव्हता. ते टिकाऊपणाचे चिन्ह होते. १९९२ मध्ये मिशेलिनने मोटारीच्या टायरमध्ये काजळीचा काही भाग काढून सिलिका घातली. त्यामुळे ओल्या रस्त्यावरील पकड सुधारली आणि इंधनही वाचले. प्रवासी मोटारसायकलींच्या चांगल्या टायरमध्ये पुढे हीच सिलिका आली.

११) भारतात टायरचे मोठे उत्पादन १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपच्या कारखान्यात सुरू झाले. मग युद्ध आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, पुढच्या महिन्यात डच ईस्ट इंडीज. दोस्त राष्ट्रांनी जगातील नैसर्गिक रबराचा सुमारे नऊ दशांश पुरवठा गमावला. अमेरिकेने कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. भारतात १९४२ मध्ये रबर उत्पादन मंडळ नेमले गेले. आजच्या टायरच्या नक्षीचे रबर हे नैसर्गिक आणि कृत्रिम यांचे मिश्रण असते. ते मिश्रण युद्धाच्या टंचाईचे अपत्य आहे.

१२) युद्ध संपत असताना डहाणू–तलासरीचा माळ पेटला. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने वेठबिगारी आणि ‘लग्नगडी’ पद्धत बंद करण्याची हाक दिली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने जन्मभर धन्याकडे राबायचे, ती ही पद्धत. वारल्यांनी ती काही आठवड्यांत झुगारली. पुढचा प्रश्न मजुरीचा होता, आणि तो गवताचा होता.

१३) मागणी अशी : ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. ऐन कापणीच्या दिवसांत संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्यू पावले. संप मोडला नाही. काँगोतील रबर आणि उंबरगावचे गवत यांचा एकमेकांशी थेट संबंध नव्हता. पण दोन्ही ठिकाणी दूरच्या शहरांची चाके फुकटच्या श्रमावर फिरत होती, हे साम्य इतिहासाच्या वाचकाने नोंदवून ठेवावे.

१४) १९४६. फ्रान्समध्ये मिशेलिनने रेडियल टायरचे पेटंट घेतले. १९४९ मध्ये तो बाजारात आला. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके आणि एकमेकांना छेदत जातात. त्याला क्रॉसप्लाय किंवा बायस म्हणतात. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली वेगळा पट्टा असतो. त्यामुळे टायर कमी तापतो आणि वेगात त्याचा आकार बिघडत नाही. मोटारसायकलींवर रेडियल १९८० च्या दशकाच्या मध्यास आला. क्रॉसप्लायची बाजू मात्र जाड, चिवट आणि स्वस्त. खड्डे व ओझे हाच नित्यक्रम असलेल्या लहान मोटारसायकलींवर तो म्हणूनच टिकून राहिला.

१५) त्याच सुमारास अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर आणला. ट्यूबमध्ये खिळा शिरला की हवा झटकन जाते. ट्यूबलेसमध्ये रबर खिळ्याला बिलगते आणि हवा हळूहळू निसटते. महामार्गावर ही काही सेकंदांची सवड जीव वाचवते. अडचण आऱ्यांच्या चाकाची : प्रत्येक आऱ्याच्या छिद्रातून हवा निसटते. म्हणून दुचाकींवर ट्यूबलेसचा प्रसार मिश्रधातूच्या अखंड चाकांबरोबर झाला. साध्या आऱ्यांच्या रिमवर केवळ ट्यूबलेस टायर चढवल्याने ट्यूबची गरज संपत नाही.

१६) स्वतंत्र भारतात १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाची बुलेट बनू लागली, तिला १९ इंची चाके होती. १९५८ मध्ये इटलीच्या सिएटने मुंबईत कंपनी काढली आणि भांडुपला टायर बनू लागले. महाराष्ट्राच्या शहरांत मात्र राज्य आले बजाजच्या स्कूटरचे. १९७२ च्या चेतकचे चाक होते १० इंची. लहान चाक खड्ड्यात खोल उतरते. मोठे चाक त्याच खड्ड्यावरून ओलांडून जाते. शहरातील सपाट डांबरावर चेतक शोभली, पाड्याच्या वाटेवर तिची दमछाक झाली.

१७) १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याने १०० सीसी मोटारसायकली आल्या : इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा, कावासाकी बजाज. १८ इंची अरुंद चाके, कमी पेट्रोल, हलके वजन. ग्रामीण भारताची दुचाकी येथे निश्चित झाली आणि तिच्यासोबत टायरचे एक माप घरोघर पोचले : २.७५-१८. म्हणजे रुंदी पावणेतीन इंच, रिमचा व्यास १८ इंच. टायरमधील सुती धागा जाऊन आता नायलॉन स्थिरावला होता. एमआरएफच्या ‘नायलोग्रिप’ या नावात तो काळ अजून जपलेला आहे.

१८) आता निवडीचा पहिला प्रश्न : ओझे. टायरच्या कडेवर मापाशेजारी ‘४२पी’ किंवा ‘४८पी’ असे लिहिलेले असते. आकडा भाराचा, अक्षर वेगाचे. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर. ११० किलोची मोटारसायकल, दोन माणसे १३० किलो आणि मागे ५० किलोची गोणी मिळून २९० किलो होतात. त्यातील ६५ टक्के भार मागच्या चाकावर आला, तर तो सुमारे १८८ किलो. ४८ चा टायरही येथे अपुरा पडतो. वेग ही येथील लहान गाडीची अडचण नाही; भार आहे. १९४५ च्या त्या २२७ किलो गवताची मोळी एका फेरीत न्यायची, तर आजच्या या गाडीलाही ती पेलणार नाही.

१९) दुसरा प्रश्न : पाऊस. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असा समज सर्वत्र आहे. १९६३ मध्ये नासाचे हॉर्न आणि ड्रेहर यांनी धावपट्टीवरील विमानांचा अभ्यास करून दाखवले, की साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब घटला की तरंगण्याचा वेगही खाली येतो. मोटारसायकलचा गोल टायर पाणी अधिक चांगले कापतो, पण नियमाची दिशा तीच राहते. चारोटी–तलासरी पट्ट्यात जुलैच्या सरीत ठरलेला दाबच योग्य.

२०) तिसरा प्रश्न : नक्षी. खोल खाचा पाण्याला वाट देतात. ‘बटण’ टायरचे मोठे ठोकळे चिखलात रुततात, पण डांबरावर वळताना लवतात आणि लवकर झिजतात. पुढच्या टायरच्या लांबट रेषा दिशा धरून ठेवतात, मागच्या टायरचे ठोकळे ओढ देतात. म्हणून पुढचा टायर मागे लावणे ही काटकसर नव्हे. रोज पाड्यापासून महामार्गापर्यंत आणि तेथून वापी–उंबरगावच्या कारखान्यांपर्यंत जाणाऱ्याला मध्यम खाचांचा, मिश्र वापराचा टायर उपयोगी. डहाणूहून जव्हारमार्गे नाशिककडे फिरायला जाणाऱ्यास कडेपर्यंत नक्षी असलेला, ओल्या रस्त्यासाठी सिलिकायुक्त टायर अधिक विश्वासाचा.

२१) रस्ताही बदलतो आहे. २०२४ च्या सुमारास या महामार्गाच्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम सुरू झाले. काँक्रीट खड्डे कमी करते, पण त्यावर सांधे असतात, कडेला पातळीचा फरक असतो आणि काम चालू असताना बारीक खडी पसरते. अरुंद टायर सांध्याच्या रेषेत सापडला की गाडी हलकासा झोल खाते. उपाय म्हणून रुंद टायर बसवण्याचा मोह होतो. पण अरुंद रिमवर रुंद टायर आवळला जातो, त्याचा गोल छेद टोकदार होतो आणि वळणावरची पकड घटते. रिमसाठी ठरलेले मापच इष्ट. तसेच कंपनीनेच तशी जोडी दिली नसेल, तर एक चाक रेडियल आणि दुसरे क्रॉसप्लाय असा मेळ घालू नये.

२२) चौथा प्रश्न : वय. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. न वापरलेला टायरही हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे कडक होत जातो. कडेवर बारीक चिरा दिसू लागतात. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर खरोखर किती नवा आहे, हे या चार आकड्यांतून कळते. आयएसआय चिन्हही तेथेच पाहावे. २००९ च्या केंद्रीय आदेशाने टायरला ते सक्तीचे केले.

२३) आणि शेवटचा प्रश्न : पैसा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरवरील खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या घरात नवा टायर म्हणजे अनेक दिवसांची मजुरी. म्हणून गुळगुळीत टायरला सुरीने पुन्हा खाचा पाडून विकले जाते. अशा खाचा नक्षीसारख्या दिसतात, मात्र त्यांच्याखाली रबर उरलेले नसते. धाग्यांचे थर थेट रस्त्याच्या जवळ येतात. हा टायर पावसात घसरतो आणि उन्हाळ्यात ओझ्याखाली फुटतो.

२४) १९४५ मध्ये या माळावर श्रमाच्या योग्य मोलासाठी माणसांनी प्राण दिले. त्यांच्या पुढच्या पिढ्या आज त्याच महामार्गावरून दुचाकीने कामाला जातात. चाक आता त्यांच्या मालकीचे आहे. एका टायरची बचत करताना त्या चाकावर बसलेल्या माणसाचे मोल पुन्हा कमी धरले जाऊ नये. पहाटेच्या पाळीला निघण्यापूर्वी एवढे पाहावे : गार टायरमध्ये ठरलेली हवा आहे का, खाचेतील उंचवटे वर आले आहेत का, आणि बाजूला चीर पडली आहे का. पैसे एकाच टायरपुरते असतील, तर ते अधिक झिजलेल्या चाकासाठी खर्च करावेत, आणि दुसरे चाक पुढच्या पावसाळ्यापूर्वी बदलावे.